हयातीचा दाखला

चौतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात.
शाई फुटलेली, धागा सरकलेला,
आकडा किंचित तिरका बसलेला,
डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.
खराब ताव डावीकडे, बरा उजवीकडे.
सुटल्यावर दारात झडती,
आणि झडती घेणारी बाई
आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग हातांकडे.

सहाव्या वर्षी देवी आल्या होत्या, सिन्नरला असताना.
आई म्हणायची, सही करून गेली ती तुझ्यावर.
नाव इंदू. चंद्रावरही डाग असतात,
हे मला किती जणांनी सांगितलं असेल,
आणि प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यालाच सुचलंय.

फंडाचे पैसे आले तेव्हा जावेने टाइल्स सुचवल्या.
मी कॉलेज रोडला गेले, तिसरा मजला,
डॉक्टर शलाका धात्रक, वयाने माझ्या भाचीएवढी.
तिने दिवा आडवा धरला गालावर.
आम्हीही तसाच धरायचो.
"लेसरने पोत सुधारेल, पण खड्डा राहील.
फिलरने खड्डा भरेल, पण कड तशीच दिसेल.
म्हणून दोन्ही. आधी हे, महिन्याने ते."
आणि म्हणाली, "साठ टक्के. शंभर नाही."
मला आवडली ती.
खोटा ताव मी कधी उजवीकडे ठेवला नाही.

तासभर बधिर मलम.
डोळ्यांवर लोखंडी झाकणं.
मग टक् टक् टक्,
आणि केस जळाल्याचा वास, आपलाच.
घरी आले तर गालभर बारीक ठिपके, ओळीने,
भिंगाखाली छपाई दिसते तसे.
पाचव्या दिवशी पापुद्रे सुटले.
उन्हात जायचं नाही, नखाने ओढायचं नाही,
आरशात बघायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं,
ते मीच ठरवलं.
रेहाना खजूर घेऊन आली. लांबूनच निरखलं तिने,
म्हणाली, "नवी छपाई दिसतेय. शाई वाळू दे."

महिन्याने सुई.
कातडीखाली धरून ठेवलेले दोरे
तिने आतल्या आत कापले. मला ऐकू आलं ते,
जाड कागद फाटतो तसं.
मग थेंबभर जेल, आणि खड्डा वर आला,
तव्यावरच्या भाकरीला पहिला फुगा येतो, तेवढाच.
किती दिवस टिकेल, विचारलं.
"वर्ष. फार तर दीड. शरीर पिऊन टाकतं."

नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला.
पुतण्याने मोबाइल समोर धरला,
चेहरा चौकटीत आणा.
जुळत नाही.
पुन्हा. जुळत नाही.
जाऊ दारातून म्हणाली, "टाइल्स लावल्या असत्या तर
निदान सरकारने ओळखलं असतं."
हसू आलं, पण गाल अजून जड होता,
हसू अर्ध्यावरच थांबलं.
जन्मभर मी ज्यांना डावीकडे टाकलं
ते सगळे ताव त्या क्षणी आठवले.
त्यांचंही म्हणणं असेल काही.

तिसऱ्यांदा पुतण्या म्हणाला,
"काकू, पापणी मिटा. उघडा."
मिटली. उघडली.
हिरवी खूण आली.
म्हणजे एवढंच बघायचं होतं त्याला.

हल्ली संध्याकाळी खिडकीतून ऊन आडवं येतं
तेव्हा मी गालावरून अंगठा फिरवते.
वरून गुळगुळीत.
जरा दाबलं की खाली लागते ती सही,
जेल पिऊन पिऊन वर येतेय, कणाकणाने,
या खेपेला तापाशिवाय.
येऊ दे.
चहा टाकलाय, रेहाना येईल इतक्यात,
आणि दोघींनाही दिवा लावायची घाई नसते.